दारात ठेवलेला वाटा

तालुक्याच्या साहेबांनी आमच्या गावात समेट घडवून आणला, त्या दिवशी सकाळपासून माझं पोट बिघडलं होतं. हसू नका. माझी भीती पहिल्यापासून पोटातच राहते. शाळेच्या मोठ्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. गावातले कर्ते पुरुष आत मांडी घालून बसले होते आणि आम्ही बायका बाहेर व्हरांड्यात, खिडकीच्या गजांना धरून. साहेबांनी कागद वाचला. अमुक कुटुंबावर गावकीनं सात वर्षांपूर्वी टाकलेला बहिष्कार आजपासून उठला, यापुढे सर्वांनी त्यांच्याशी पूर्वीसारखे संबंध ठेवावेत, त्यासाठी कोणतीही अट नाही. मग सह्या झाल्या. माझे सासरे गावकीचे जुने पंच, म्हणून पहिली सही त्यांची. ज्यांना वाळीत टाकलं होतं ते माझे भावोजी, सख्ख्या मोठ्या बहिणीचा नवरा. ते समोर चहाचा कप धरून बसले होते आणि चहा पीत नव्हते. साहेब म्हणाले, "चला, आता गळाभेट घ्या." दोघांनी घेतली. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला. सगळं तासाभरात उरकलं.

माझी बहीण व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होती. मधे सगळा गाव उभा. फोटो निघाल्यावर तिनं पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरून घरी गेली. माझ्याकडे बघितलं नाही. पुरुषांचं मिटलं होतं. आम्हा दोघींचं काय करायचं, ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

मोठ्या बहिणीला आमच्यात बाय म्हणतात. बाय माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला आधी या गावात दिली, आणि तिनंच खटपट करून मलाही इथंच आणली. खाडीच्या तोंडाशी असलेलं कोळ्यांचं गाव, तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये चार घरं. मी बारावी झालेली. गावातल्या बायकांचे अर्ज लिहून द्यायचे, म्हणून मला मोठी अक्कल आहे असा सगळ्यांचा समज होता, माझाही होता. पण मासळी विकायला मला बायनं शिकवलं. अलिबागच्या बाजारात गिऱ्हाईक पापलेटाचा कल्ला उघडून बघायला लागलं की नजर कुठं ठेवायची, इथपासून सगळं तिनंच शिकवलं.

झालं ते एवढंच. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की आमची गावकी आधीच बसते आणि कोण उभं राहणार ते ठरवते. बाकी कोणी अर्ज भरायचा नाही. आमच्या आळीला नळाचं पाणी धड येत नव्हतं. भावोजींनी गावकीला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा अर्ज भरला. निवडून तर आले नाहीतच. पण गावकीचा शब्द मोडला म्हणून आठवड्याच्या आत देवळापुढे गाव बसलं आणि त्यांचं घर वाळीत टाकलं. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांना होडीवर घ्यायचं नाही, लग्नामयताला जायचं नाही. होडी आली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना मासळीचा वाटा देतात, तोही द्यायचा नाही. जो जाईल तोही बाहेर. हे सांगणारा आवाज माझ्या सासऱ्यांचा होता.

पहिले काही दिवस मी रडले. मग काही दिवस नवऱ्याशी भांडले. मग मला सवय झाली. हे लिहिताना लाज वाटते, पण दुसरा शब्द नाही. सकाळी बाय ओट्यावर झाडू मारताना दिसायची आणि माझी मान आपोआप समुद्राकडे वळायची. पहिल्या वर्षी गावातल्या दोनचार बायका दिवेलागणीला तिच्या पायरीवर थोडी मांदेली, थोडे बोंबील ठेवायच्या आणि न बोलता सटकायच्या. मीही ठेवलं आहे, तीन वेळा. मग तेही बंद झालं. आमची आई वारली तेव्हा माहेरच्या घरात एका भिंतीला ती बसली आणि समोरच्या भिंतीला मी. तिथंही आमच्या गावचे चौघे आले होते, आणि मी त्यांच्याकडे बघत होते, आईकडे नाही.

पण मला जे खुपत होतं ते हे नव्हतं. आईच्या वेळी निदान बघणारे होते. मला खुपत होता तो बाजार.

गावचा टेम्पो तिला घेईना, तेव्हा बायचा बाजार तुटला होता. तीन महिन्यांनी तिनं रेवदंड्याहून सहाआसनी रिक्षा धरली आणि एकटी अलिबागला आली. बाजारात आमच्या जागा ठरलेल्या, माझ्याशेजारी तिची. अकरा वर्षं आम्ही मांडीला मांडी लावून बसलो होतो. ती आली, आपल्या जागेवर पाटी उतरवली, अंग आवरून बसली. त्या दिवशी आमच्या गावची दुसरी एकही बाई बाजारात नव्हती. गावात एक मयत झालं होतं, सगळ्या तिकडे, मी तेवढी आदल्या दिवशीचा माल संपवायला आले होते. म्हणजे बघणारं कोणी नव्हतं. आणि मी उठले. माझी पाटी, फळी, सुरा सगळं उचललं आणि दुसऱ्या टोकाला, बर्फाच्या पेट्यांपाशी जाऊन बसले. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "आज इकडे कशा?" मी म्हटलं, "तिथं ऊन लागतं." डोक्यावर पत्रे होते. बाय ऐकत होती. ती बांगडे नीट रचून ठेवत राहिली.

सात वर्षांनी समेट झाला तेव्हा माझ्या पोटात हे होतं. गावकीचं पाप गावकीनं सही करून फेडलं, पण त्या दिवशी बाजारात गावकी नव्हतीच. मी होते.

समेटानंतर चौथ्या दिवशी आमच्या होडीला चांगला माल लागला. आमच्याकडे कुठल्याही गोष्टीचं उत्तर मासळीनं देतात. बाळंतपण असो, भांडण असो, मास्तरांची बदली असो. मी चार मोठी पापलेटं निवडली, ओंजळभर कोलंबी घातली, वर केळीचं पान झाकलं आणि भर दुपारी पाटी घेऊन निघाले. चार घरं ओलांडेपर्यंत काय बोलायचं ते तीनदा बदललं. बायचं दार उघडं होतं. आत कुकरची शिट्टी झाली आणि तिचा आवाज आला, मुलीला काहीतरी सांगत होती. तो आवाज मी सात वर्षांत इतक्या जवळून ऐकला नव्हता. मी पाटी पायरीवर ठेवली आणि परत फिरले. मनात म्हटलं, बघेल, कळेल तिला.

संध्याकाळी बघते तर तिच्या अंगणात मांजरांची जत्रा. पापलेटाचं डोकं एकीकडे, शेपूट एकीकडे. आणि माझी पाटी आमच्या ओट्यावर, घासून धुतलेली, पालथी.

मला असा संताप आला म्हणून सांगू. पापलेटं होती हो, बांगडे नव्हते! मी पाटी घरात आपटली आणि म्हटलं, झालं, माझ्याकडून मी केलं, आता ती आणि तिचा ताठा. सासूबाई चुलीपुढे बसून सगळं बघत होत्या. कमरेत वाकल्यात, पण डोळ्यांतून काही सुटत नाही.

"हाक मारलीस का तिला?" त्यांनी विचारलं.

"दारातच तर ठेवलं ना."

"मी काय ईचारतंय? हाक मारलीस का?"

"न्हाय."

"मग दारात ठेवून पलायचं, ते वालीत घराला. आपल्या मानसाच्या घरात मासली घेऊन जावं, तर मोठ्यानं बोंब मारीत जावं, सगल्या आलीला कललं पायजे. तू कागद लिवनारी, तुला एवढं समजत न्हाय?"

माझा संताप जागच्या जागी विरघळला. सात वर्षांनी माझ्या हातून तिच्या दारात पहिला वाटा गेला, तो वाळीत घराच्या रीतीनं. तिला घाबरून मी चोरासारखी गेले आणि चोरासारखी आले. दुसऱ्या कुठल्या गावच्या बाईला यात चूक दिसणारही नाही. आम्हाला दिसते. बायला नक्कीच दिसली.

त्यातच तिच्या मुलीचं लग्न ठरलेलं. उरणकडचं स्थळ, मुलाकडे कंटेनरचे ट्रेलर, घर मोठं. हळद आमच्या गावात आणि लग्न तिकडे. आमच्याकडे हळदीच्या सकाळी गावातल्या प्रत्येक घरातून एक बाई आपापली विळी घेऊन लग्नघरी जाते. कांदा चिरायचा, कोथिंबीर निवडायची, वडे थापायचे. बोलावणं घरोघर येतं, पण विळी घेऊन जाणं हा तुमचा शब्द असतो. ज्या घरातून विळी गेली, ते घर त्या लग्नात उभं आहे. संध्याकाळी नवऱ्याकडचे लोक हळद घेऊन येतात, आणि मांडवात किती बायका राबताहेत त्यावरून मुलीच्या मागे गाव आहे की नाही ते ओळखतात. उरणची माणसं चौकस. मांडव रिकामा दिसला असता तर त्यांनी विचारलंच असतं, आणि मग सात वर्षांचा सगळा पाढा त्या पोरीच्या अंगावर आला असता.

आणि मांडव रिकामा राहायची चिन्हं होती. गावकीतल्या दोघांना हुक्की आली. ते भावोजींकडे गेले आणि म्हणाले, कागद कागदाच्या जागी, पण गावात परत घ्यायची एक रीत हाय. देवळापुढे नारळ फोडा, गावाची माफी मागा, एक जेवण घाला. भावोजी कदाचित तयार झाले असते, माणूस थकला होता. पण बाय दारात आली. चार घरं पलीकडे माझ्या ओट्यावर मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"माफी कशाची? आम्ही चोरी केली का? नारल आम्ही फोडू, पोरीच्या लग्नात फोडू. माज्या पोरीच्या हलदीला ज्यांना यायचं त्यांनी या, न्हाय त्यांनी घरात बसा. पाया कोनाच्या पडनार न्हाय मी."

कागदावर 'अट नाही' असं लिहिलेलं असल्यामुळे दोघे मुकाट्यानं उतरले. पण गावात कुजबुज सुरू झाली की थांबू, बघू, कोण जातंय ते.

हळदीच्या चार दिवस आधी बाय बोलावणी करायला निघाली. नवी साडी, हातात कुंकवाचं ताट, सोबत तिची सून. मी सकाळीच अंघोळ करून ओटा सारवून बसले होते. ती आळीच्या टोकापासून एकेक घर घेत येत होती. प्रत्येक घरी थांबे, दोन वाक्यं बोले, पुढे सरके. मला वाटायला लागलं की आमचं घर ती ओलांडून जाणार. मग वाटलं की बरंच होईल, निदान निकाल लागेल. मग ती आमच्या ओट्यावर चढली आणि मला कळलं की मला निकाल नको होता.

तिनं सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. "बाबा, पोरीची हलद हाय. सगल्यांनी यायचं." सासऱ्यांनी हात वर केला. सासूबाईंना कुंकू लावलं. मग माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या कपाळाला कुंकू टेकवलं, आणि शेजारणीला म्हणाली होती तेच, तसंच, गोड हसून म्हणाली, "यायचं हं नक्की. वाट बघतो आम्ही." आणि गेली. शिवी दिली असती तरी चाललं असतं. आमची बाय माझ्याशी अशी गोड कधी बोललेली नाही, जन्मात नाही. लहानपणी ती मला केस धरून ओढायची. त्या दिवशी मी परकी झाल्याचं मला कळलं, आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

नळावर बायका मला खोदखोदून विचारायच्या, "तू जानार ना? तुजी तर बहीन." मी म्हणायची, "बघू." त्यांचं म्हणणं, पंचाच्या घरातनं विळी गेली की आम्ही येऊ. घरी सासरे म्हणायचे, गाव काय करतो ते बघून ठरवू. सगळा गाव आमच्याकडे बघत होता आणि आम्ही गावाकडे. अशानं कोणीच गेलं नसतं, हे मला, त्या बायकांना, सगळ्यांना दिसत होतं. तरी कोणी हलत नव्हतं. आता कोणी दंड करणार नव्हतं, कोणी वाळीत टाकणार नव्हतं, उलट टाकलं तर पोलीस येणार होते. तरी पाय उचलत नव्हते. सात वर्षांत आम्ही भ्यायला इतके तरबेज झालो होतो की आता भीती घालणाऱ्याची गरज उरली नव्हती.

माझी भीती मात्र वेगळी. गावाचं काय, गाव आज ना उद्या गेलं असतं. मला वाटत होतं, मी गेले आणि बायनं सगळ्यांदेखत पुन्हा तसंच गोड हसून "बसा" म्हटलं तर?

हळदीच्या दिवशी सकाळी सात वाजता मी ओट्यावरून बघितलं. बायच्या मांडवात माणसं तीन. बाय, तिची सून आणि माहेरची एक चुलतबहीण. कांद्याचं पोतं उघडून ठेवलेलं. पोतं मोठं, तीन बायकांनी दुपारपर्यंत चिरून संपण्यासारखं नव्हतं. बाय मान खाली घालून चिरत होती. मधे एकदा तिनं मान वर करून आळीकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा खाली घातली. ते बघणं मला सोसलं नाही. एरवी मी फार विचार करते, त्या वेळी केला नाही. आत जाऊन विळी उचलली.

सासरे ओट्यावर बसले होते. "कुठं?" त्यांनी विचारलं.

"बायकडं. कांदा चिरायला."

ते समुद्राकडे बघत राहिले. मी थांबले, का कोण जाणे, सवयीनं. मग ते म्हणाले, "ती बारकी विली कशाला नेतेस? मोठी ने."

मोठी विळी घेऊन मी आळीतून निघाले आणि सासूबाईंनी सांगितलं होतं तसं मोठ्यानं ओरडत निघाले. "बाय! ए बाय! मी येतंय गो!" माझा आवाज चिरकला. दोन्ही बाजूंच्या दारांत बायका आल्या. बायनं मान वर केली. हसली नाही, ये म्हणाली नाही. शेजारचा पाट पायानं थोडा पुढे सरकवला. मी बसले आणि चिरायला लागले.

अर्ध्या तासात मांडव भरला. एक आली, दोन आल्या, मग पंधरावीस. ज्या बाईनं सात वर्षांपूर्वी बायच्या तोंडावर खिडकी लावली होती ती सगळ्यात मोठ्यानं गाणी म्हणत होती. बाय प्रत्येकीला हसून आत घेत होती, चहा देत होती, पोराबाळांची चौकशी करत होती. माझ्याशी बोलत नव्हती. कांद्यानं सगळ्यांचेच डोळे वाहत होते, त्यामुळे माझं कोणाला कळलं नाही. मी मनात हिशेब लावत होते की ही गावाला माफ करू शकते, मला का नाही? उत्तर मला माहीत होतं. गाव गाव होतं. मी बहीण होते.

संध्याकाळी उरणचे लोक आले, ढोल वाजला, नवरी चौरंगावर बसली. धवलं, म्हणजे आमच्याकडची लग्नाची गाणी, म्हणणारी म्हातारी बाहेरगावची, तिला इथलं काही ठाऊक नव्हतं. ती नात्यांची नावं घेऊन एकेकीला हळद लावायला बोलावत होती. काकी, आत्या, मामी. मग तिनं विचारलं, "नवरीची मावशी कोन?" मी मागे भांडी लावत होते. ढोल तेवढ्यातच थांबला होता. आमच्या गावच्या सगळ्या बायका मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, जमीन फाटावी.

"हाय," बाय म्हणाली. "मागं हाय. हात धुवून येल."

मी पुढे गेले. घर वाळीत टाकलं तेव्हा पोर शाळेत होती, आता माझ्याहून उंच. मी तिच्या गालाला हळद लावली ती पार डोळ्यापर्यंत गेली. ती हसली आणि म्हणाली, "मावशी, डोल्यात जाईल." खाली उतरताना बायनं माझा दंड धरला. ढोल पुन्हा सुरू झाला होता, म्हणून कानाशी येऊन बोलली.

"पोरीची मावशी हाईस म्हणून बोलावली. आपलं नंतर बघू."

नंतर म्हणजे कधी, ते तिनं सांगितलं नाही. लग्न झालं, पाऊस झाला, नारळी पुनवेला दोन्ही घरचे पुरुष एकाच वेळी दर्यावर गेले. मी तिच्याकडे जायची, ती चहा द्यायची, कोलंबीचा भाव बोलायची. कुठलीही गोष्ट निघाली की मला वाटायचं, आता काढणार. रात्री अंथरुणावर मी उत्तरं पाठ करायची. मला भीती घातली होती. माझी लहान पोरं होती. सासरे पंच होते. सगळी खरी होती आणि बाजारातल्या त्या दिवशी एकही लागू पडत नव्हतं.

मग एका बुधवारी शेजारीण सांगत आली की बायला अलिबागला डोळ्याच्या ऑपरेशनला नेलंय, मोतीबिंदू. सोबत सून गेली. मला कोणी कळवलं नव्हतं. मी पातेलं तसंच चुलीवर ठेवून रेवदंड्याच्या नाक्यावर आले आणि मिळेल त्या रिक्षात बसले. दवाखान्यात पोचले तर बाय बाकड्यावर बसलेली, एका डोळ्यावर पट्टी. उरलेल्या डोळ्यानं तिनं मला बघितलं आणि भडकली.

"तुला कोनी बोलावली? घरात म्हातारी दोन मानसं टाकून आलीस? अक्कल हाय का तुला?"

सगळी रांग बघायला लागली. आणि माझ्या तोंडून, पाठ केलेलं सोडून, भलतंच निघालं. "तू सांगितलं का न्हाय मला? शेजारनीकडून कलायचं मला? मी कोन हाय तुजी?"

"तेच मी ईचारतंय! कोन हाईस तू माजी? बाजारात उठलीस तवा कोन होतीस?"

सुनेनं तोंडावर हात ठेवला. नर्स आली आणि म्हणाली, भांडायचं असेल तर बाहेर जा. आम्ही बाहेर गेलो. पार्किंगमध्ये एका स्कूटरला टेकून बाय उभी राहिली. आता ओरडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं.

"मला एकच सांग. त्या दिवशी बाजारात आपल्या गावचा कोन होता?"

"कोन न्हवता."

"मग?"

"कोनी न्हवतं, बाय. कोनी सांगितलं न्हवतं. तुला बघितलं आनि मी भ्याले. तुज्यासंगं बसलेली दिसले तर मी पन तुज्यासारकी हुईन असं वाटलं. म्हनून उठले. ऊन न्हवतं तिथं."

तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी येत होतं. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलं असणार, असं माझ्या मनात आलं आणि मी आणखीनच घाबरले. "मला म्हाईत होतं," ती शेवटी म्हणाली. "कोन न्हवतं ते मला बी दिसत होतं. मला तुज्या तोंडून ऐकायचं होतं. सात वरसं." मग पदरानं गाल पुसला, पट्टीला धक्का लागू न देता. "डोल्यात औषध टाकायचंय. दिसातनं चार वेला. सून टाकताना सगलं गालावर सांडते. उद्यापास्नं तू ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. ती खाटेवर उताणी पडली, पट्टी काढली, डोळा उघडून माझ्याकडे बघत राहिली. मी दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि थेंब नेमका डोळ्यात सोडला, गालावर सांडू दिला नाही.